अकरा मिनिटं वीस सेकंद

गुरुवारी दुपारी तालीम चालू असताना गुरुजी दोनदा बोलले. गुरुजींना जाऊन चौदा वर्षं झाली होती. साताऱ्याच्या त्या सभागृहात बोलत होता तो त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज, तराण्याच्या आधी म्हटलेले बोल, आणि तो आवाज ज्या मिक्सरमधून स्पीकरला जात होता त्याच्या फेडरवर मुजीबचं बोट होतं. रंगमंचावर राजेश्वरीताई घुंगरू बांधून उभ्या होत्या, डाव्या विंगेत त्यांची विद्यार्थिनी प्रांजल आपल्या प्रवेशाची वाट बघत होती. स्पीकरमधून 'ता थेई थेई तत्' आलं आणि विंगेतूनही तेच आलं, बारीक, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं. पहिल्या बोलाला दोन्ही आवाज एकावर एक होते. ओळ संपेपर्यंत त्यांच्यात फट पडली, पुढच्या ओळीला ती फट वाढली. मुजीबला आधी वाटलं, सभागृह घुमतंय. पण घुमलेला आवाज मागून येतो. हा आधी येत होता. विंगेतले गुरुजी बोल म्हणून मोकळे होत होते आणि स्पीकरमधले गुरुजी त्यांच्या मागून रखडत येत होते. मुजीबनं फेडर खाली ओढला. स्पीकर गप्प झाला. विंगेतले गुरुजी मात्र पुढे बोलत राहिले, ताठ, तरतरीत, आठ वर्षांत त्यानं कुणाला ऐकू दिले नव्हते तसे.

प्रांजल मोबाइल पोटाशी धरून बाहेर आली. विंगेत स्पीकरचा आवाज नीट पोचत नव्हता, म्हणून प्रवेश चुकू नये यासाठी तिनं तोच तराणा मोबाइलवर लावला होता, पहिल्या बोलाला बरोबर साधून. तो तिला क्लासच्या कपाटात एका जुन्या सीडीवर सापडला होता. वर्षभरापूर्वी मावसभावाच्या लॅपटॉपवरून तिनं तो उतरवून घेतला आणि तेव्हापासून घरी रोज त्याच्यावर रियाज केला. हे सांगताना तिला वाटत होतं की आपण काही चोरलंय. राजेश्वरीताई मात्र ऐकता ऐकता उजळत गेल्या. वर्षभर त्या या मुलीला एकच गोष्ट सांगत होत्या, घाई करतेस, पुढं पळतेस, समेवर थांबायला शीक. चांगल्या पायाची मुलगी अशी का बिघडली हे त्यांना उमगत नव्हतं. आता कारण हाती लागलं. लॅपटॉपवर घेताना लय पळाली असणार. तरी खात्री करून घ्यायची सवय, सुभेदाराची मुलगी, त्यांनी रिकाम्या खुर्च्यांच्या मागे, टेबलापाशी बसलेल्या मुजीबकडे बघून विचारलं, "मुजीब, यातली खरी कुठली?"

विचार करायला त्याला वेळ होता. पुढचे तीन दिवस हेच त्याला खात राहिलं. त्या प्रश्नानंतर प्रांजलच्या घुंगरांचा एक बारीक आवाज झाला, वर पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं, एवढं सगळं त्याला ऐकू आलं, म्हणजे वेळ होता. आणि तरीही तो म्हणाला, "माझ्याकडची, ताई." राजेश्वरीताईंनी मान हलवली. त्यांनी प्रांजलला तो तराणा मोबाइलमधून काढून टाकायला लावला आणि सांगितलं की रविवारी सांगलीला गुरुजींच्या स्मरणाचा कार्यक्रम आहे, तिथं कार्यक्रमाआधीच्या तालमीला लय बसली तर ठीक, नाहीतर तू खाली बसून बघ. गुरुजींच्या नावाच्या कार्यक्रमात पळापळ चालायची नाही. प्रांजल घुंगरू सोडायला बसली. ताईंच्या शेजारी पहिल्यांदा उभं राहण्यासाठी ती दोन वर्षं घाम गाळत होती, आणि मुजीबनं दोन शब्दांत तिला खोटं पाडलं होतं.

मुजीबचं काम तसं एका शब्दात सांगता येत नाही. पोवई नाक्याजवळच्या एका जिन्याच्या वर त्याची एक खोली होती आणि दारावर पाटी होती: 'मुजीब मिरजकर, नृत्य कार्यक्रमांची सर्व कामे'. ही सर्व कामे म्हणजे नाचणारा माणूस जे करत नाही ते सगळं. सभागृहाची तारीख धरणं, पोलिसांची परवानगी, शिष्यवृत्तीचे अर्ज, दिवे, ध्वनी, पडदा ओढणारा माणूस शोधणं, फरशी निसरडी असेल तर सकाळी येऊन तिच्यावर गुळाचं पाणी फिरवणं म्हणजे पाय धरून राहतो. मोठ्या मंडळ्यांकडे यासाठी दहा माणसं असतात. सातारा-सांगलीतल्या एकट्या-दुकट्यांकडे मुजीब होता. शिरवळच्या कारखान्यात दिवसपाळी करून संध्याकाळी नाचणारा ऋषिराज, पाचगणीच्या शाळेत भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाई, कराडचं लावणीचं पाच जणींचं पथक, असे त्याचे बारा-पंधरा लोक होते आणि तो त्यांना आपले लोक म्हणायचा. त्याचं एक तत्त्व होतं. स्टेजवर जाणाऱ्याच्या डोक्याला ताप नको. काय बिघडलं होतं आणि ते कसं निभावलं हे त्याला कळूच नये. ऋषिराजचा शर्ट ऐनवेळी फाटला तेव्हा मुजीबनं तो विंगेत अंगावरच शिवला आणि ऋषिराजला सांगितलं, कॉलर नीट करतोय. या तत्त्वाचा त्याला अभिमान होता. एखाद्या माणसाला आपल्या सगळ्यात वाईट खोडीचाच अभिमान असतो, तसा.

पाचगणीला ते सुरू झालं. आठ वर्षांपूर्वीचा डिसेंबर, शाळेचं सभागृह, थंडी अशी की तबल्याच्या रेकॉर्डिंगलासुद्धा हुडहुडी भरावी. राजेश्वरीताई तेव्हा चव्वेचाळीसच्या. उजवा गुडघा सुजलेला. तराण्याच्या शेवटच्या तिहाईत, तोच तुकडा तीनदा म्हणून समेवर येतात तिथं, त्या अर्ध्या मात्रेनं मागे पडल्या. समोर बसलेल्या पोरांनी टाळ्या पिटल्या, कुणाला काही कळलं नाही. राजेश्वरीताईंना कळलं. आत येऊन त्या वेताच्या खुर्चीवर बसल्या, घुंगरू न सोडता, आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मुजीबनं चहा आणून दिला तो तसाच गार झाला. हा तराणा गुरुजींनी खास त्यांच्यासाठी बांधला होता, जायच्या दोन वर्षं आधी मिरजेत बसून स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या माणसांना घेऊन रेकॉर्ड करून दिला होता. अकरा मिनिटं वीस सेकंद. प्रत्येक कार्यक्रमात राजेश्वरीताई हा आकडा लोकांना सांगायच्या, की गुरुजींनी जी लय हातात दिली ती तशीच आहे, एका सेकंदानंही हललेली नाही. हे सांगताना त्यांची मान जरा वर व्हायची. ती मान त्या दिवशी खाली होती आणि मुजीबला ते बघवलं नाही. साताऱ्याला आल्यावर त्यानं संगणकावर तराणा उघडला आणि सूर तोच ठेवून लय शंभराची नव्याण्णव केली. एवढंच. शंभरात एक. पुढच्या कार्यक्रमाला राजेश्वरीताई अशा उतरल्या की आत येऊन त्याला म्हणाल्या, आज गुरुजी माझ्या मागं उभे होते. मुजीबला त्या दिवशी जो आनंद झाला तसा त्याच्या लग्नातही झाला नव्हता.

मग अठ्ठ्याण्णव. मग सत्त्याण्णव. चौथ्या वर्षी एकदम पंच्याण्णव करावी लागली. दरवर्षी तो पेनड्राइव्ह बदलून द्यायचा, जुना खराब झाला म्हणून. क्लासमधल्या स्पीकरला आकडे दिसायची सोय नव्हती, ती नसलेलाच स्पीकर त्यानं निवडून आणला होता. कार्यक्रमाचं वेळापत्रक तोच लिहायचा. कागदावर अकरा वीस आणि मागेपुढे गुपचूप दोन मिनिटं मोकळी. तबल्याच्या प्रत्येक थापेला आता एक बारीक शेपूट फुटलं होतं, गुरुजींच्या 'तत्'मधला शेवटचा त जरा लोंबायचा, पण हे ऐकायला कान त्याचाच लागायचा. या वर्षी लय अठ्ठ्याऐंशीवर आली होती. तराणा बारा मिनिटं त्रेपन्न सेकंद चालायचा, आणि राजेश्वरीताई त्याच्यात चोख बसायच्या, आणि वर मान करून सांगायच्या, अकरा वीस. आठ वर्षांत मुजीबला एकच गोष्ट खटकली होती आणि ती त्यानं पायाखाली दाबून ठेवली होती. गुडघा तर पाच वर्षांपूर्वी बरा झाला होता. ताई पायऱ्या चढायच्या, अजिंक्यताऱ्यावर जाऊन यायच्या. मग लय कशापायी उतरत होती?

शनिवारी प्रांजल त्याच्या खोलीवर आली. तिनं ती जुनी सीडी आणली होती, ताई म्हणाल्या होत्या ती मोडून टाक, पण वरती गुरुजींचं अक्षर आहे, माझ्यानं मोडवत नाही, तुम्हीच ठेवा. सीडी टेबलावर ठेवून ती उभीच राहिली. मग विचारलं, "दादा, माझा कान गेलाय का? घरी लावते तवा पाय बरोबर पडतात. इथं आले की सगळं गुळात रुतल्यागत होतं. ताई म्हणतात मी पळते. मला तर वाटतं तुमीच सगळे थांबलाय." मुजीब वायर गुंडाळत होता. गुंडाळलेली वायर त्यानं सोडली आणि पुन्हा गुंडाळली. तिला म्हणाला की कान असा जात नाही, जेव, झोप, उद्या बघू. ती गेल्यावर त्यानं सीडी उचलली. वर निळ्या शाईत गुरुजींचं ऐसपैस अक्षर होतं: तराणा, तीनताल, चि. राजेश्वरीसाठी, ११ मि. २० से. त्या अक्षरावरून त्याला दुसरं अक्षर आठवलं. गेल्या सोमवारी राजेश्वरीताईंनी सांगलीच्या कार्यक्रमाच्या अर्जावर सही केली होती. 'राजे' पर्यंत ठीक होती, पुढे ती बारीक बारीक होत गेली आणि शेवटी मुंग्यांची रांग उरली. पेन बरं नाही, असं त्या म्हणाल्या. त्यानं त्यांना दुसरं पेन दिलं होतं.

पेन बरं नाही असं रसूलही म्हणायचा. रसूल म्हणजे मुजीबचा बाप, मिरजेत हार्मोनियम दुरुस्त करायचा, आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक पेटीला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधायचा. हात थरथरायला लागायच्या कितीतरी आधी त्या चिठ्ठ्यांवरची नावं लहान झाली. मग पावलं लहान झाली. मग सूर लावायला एका पेटीला दिवस लागायचा तिथं तीन लागायला लागले. मुजीब तेव्हा बावीस वर्षांचा. बाप दुपारी आडवा झाला की तो हळूच पेटीशी बसायचा आणि राहिलेल्या पट्ट्या सुरात लावून ठेवायचा. बाप उठला की बघायचा, काम बरंच झालेलं, आणि त्याला वाटायचं आपणच केलं. तीन वर्षं असं चाललं. घरात सगळे म्हणायचे, अब्बा थकलेत, बाकी काही नाही, कामाला अजून पक्के आहेत. ज्या दिवशी रसूल दुकानाच्या उंबऱ्यात पाय उचलायचाच विसरल्यासारखा थिजून उभा राहिला, त्या दिवशी डॉक्टर झाले, औषध झालं आणि कंपवात हा शब्द घरात आला. अख्तरबीनं, आईनं, मुजीबला त्यावरून एकदाच सुनावलं होतं. ती भाकरी थापत होती आणि थापता थापताच म्हणाली की तू त्यांचं काम करत बसलास म्हणून आमाला कळलं न्हाई. नाहीतर तवाच कळलं असतं. तेव्हा मुजीबला तिचा राग आला होता. मी मदत केली, असं त्याला वाटलं होतं. शनिवारी संध्याकाळी ती सीडी हातात घेऊन बसल्यावर त्याला आईचे हात आठवले, पिठाचे, एका लयीत पडणारे. राजेश्वरीताईंचा डावा हात चालताना हलत नव्हता. कधीपासून? त्यानं डोळे मिटून तो हात शोधला. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात, त्याच्या आदल्या वर्षी फलटणला, त्याच्याही आधी. हात सगळीकडे शरीराला चिकटून होता. त्यानं हे पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि लय दोनानं खाली आणली होती.

रविवारी सकाळी सामान व्हॅनमध्ये भरून ते सांगलीला निघाले. प्रांजल आईबरोबर एसटीनं पुढे गेली होती. राजेश्वरीताई पुढच्या सीटवर, पदर नीट लावून, मांडीवर घुंगरांची पिशवी. पट्टा लावताना त्यांना खटका सापडेना. मुजीबचा हात सवयीनं पुढे झाला आणि त्यानं तो मागे घेतला. त्या शोधत राहिल्या. बऱ्याच वेळानं टक असा आवाज आला. उंब्रजच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे व्हॅन अडकली, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, बाहेर आलेले उसाचे शेंडे रस्ता झाडत चाललेले. ओलांडून जायला जागा मिळेना. राजेश्वरीताई बोलत होत्या आणि मुजीब पहिल्यांदा त्यांचं बोलणं नुसतं कानानं ऐकत होता, अर्थ बाजूला ठेवून. प्रत्येक वाक्याआधी एक पोकळी होती. शब्द एका सुरात, एका उंचीवर, आणि शेवटाला विझत जाणारे. ही बाई एकेकाळी बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला जागा देत नसे. हे कुणालाच कसं दिसलं नाही, असं त्याच्या मनात आलं आणि लगेच उत्तरही आलं. दिसायला काहीतरी न हलणारं लागतं. त्याच्या शेजारी ठेवल्यावर कळतं किती हललं. राजेश्वरीताईंच्या आयुष्यात नवरा नव्हता, मूल नव्हतं, वडील, सुभेदार दादासो, वारल्यावर घरात घड्याळाकडे बघणारंही कुणी नव्हतं. त्यांच्याजवळ न हलणारी एकच गोष्ट होती आणि ती त्यानं हलवली होती.

पेठनाक्याला चहा घेताना त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, प्रांजलला आज बाजूला बसवावं लागणार, मन तयार केलंय, तिला सांगायचं कसं तेवढं ठरत नाही. पोरगी गुणी आहे, पण गुरुजींची लय तिच्यात उतरत नाही. मग त्यांनी खांदा चोळला. डावा. दुखतोय का, असं मुजीबनं विचारलं, आणि त्याचा स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. त्या म्हणाल्या, तो दोन वर्षांपासून आखडलाय, व्यायाम चालूय. मुजीबला वाटलं, आत्ता सांगावं. इथंच, या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. त्यानं तोंड उघडलं आणि बिस्किटं हवीत का असं विचारलं. इतका भित्रा माणूस आपण असू असं त्याला ठाऊक नव्हतं.

सांगलीच्या सभागृहात तीनला तालीम होती आणि पाचला कार्यक्रम. गुरुजींचा फोटो आधीच मांडला होता, हार घातलेला. प्रांजलचे डोळे सुजलेले दिसत होते. मुजीबनं टेबल मांडलं, वायरी जोडल्या, फरशीवरून पाय फिरवून पाहिला. संगणकावर दोन फाइली समोरासमोर होत्या. एकीपुढं बारा त्रेपन्न, दुसरीपुढं अकरा वीस. दुसरी त्यानं पहाटे सीडीवरून उतरवून घेतली होती. बोलायचं धाडस त्याच्याकडे नव्हतं. बोट मात्र होतं. त्यानं दुसरी लावली.

गुरुजी ताठ आवाजात बोलले. दोघी निघाल्या. पहिलं आवर्तन राजेश्वरीताईंनी ओढून नेलं. दुसऱ्याला त्यांची भुवई वर गेली. तिसऱ्याला प्रांजलचा पाय समेवर पडला, स्वच्छ, आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की जणू बुडणाऱ्याच्या पायाला तळ लागावा. राजेश्वरीताईंचा पाय त्यानंतर पडला. रिकाम्या सभागृहात दोन जोड घुंगरांचे दोन आवाज वेगवेगळे ऐकू आले. त्यांनी हात वर केला. मुजीबनं थांबवलं.

"ही त्या पोरीची लागली," त्या म्हणाल्या.

"न्हाई ताई. ही गुरुजींची हाय. त्या दिवशी मी खोटं बोललो."

सीडी घेऊन तो खुर्च्यांमधून रंगमंचापर्यंत गेला. ते अंतर तीस पावलांचं असेल. त्यानं गुरुजींचं अक्षर त्यांच्यापुढे धरलं आणि पाचगणीपासून सगळं सांगितलं, नव्याण्णवपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत. सांगताना त्याला गुडघ्याचं नाव पुढे करता आलं असतं. त्यानं ते केलं नाही. चालताना न हलणाऱ्या हाताचं सांगितलं, सहीचं सांगितलं, आणि रसूलचं सांगितलं. प्रांजल एका बाजूला उभी होती आणि तिला तिथून निघून जावंसं वाटत होतं हे तिच्या घुंगरांवरून कळत होतं.

राजेश्वरीताई ओरडल्या नाहीत. त्या रंगमंचाच्या कडेवर बसल्या, पाय खाली सोडून, आणि म्हणाल्या, लाव. मुजीबनं लावलं. त्यांनी मांडीवर ताल धरला, आपल्या उजव्या हातानं, ज्या हातानं ताल देऊन त्यांनी हजार मुलींना घडवलं होतं. टाळी, टाळी, खाली, टाळी. दहा आवर्तनं बरोबर गेली. मग हात जरा जड झाला. मग गुरुजी पुढे गेले. त्यांनी थांबवायला सांगितलं, हात झटकला, पुन्हा लाव म्हणाल्या. दुसऱ्या वेळी गुरुजी सहाव्या आवर्तनालाच पुढे गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी मुजीबकडे किंवा प्रांजलकडे बघितलं नाही, नुसतं त्या हाताकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचा तरी हात चुकून मांडीवर राहिल्यासारखा.

"दोन वर्षांमागं डॉक्टरकडं गेले होते," त्या हळू म्हणाल्या. "हितंच, सांगलीत. खांद्याला. त्यांनी विचारलं, हालचाल मंद झाल्यागत वाटतीय का. मी हसले. म्हटलं, अकरा मिनिटं वीस सेकंदांचा तराणा म्हैन्याला दोनदा करते, एक सेकंद मागं न्हाई. मेंदूच्या डॉक्टरांकडं जायची चिठ्ठी लिहीत होते ते. ती त्यांनी फाडली, मुजीब. माझ्यासमोर फाडली."

मुजीबनं हे आठ वर्षांत कधी मोजलं नव्हतं, की त्याची फाइल सभागृहाबाहेर जाते, दवाखान्यात जाते, साक्ष देते. माफी मागायला तोंड उघडलं तर राजेश्वरीताईंनी तोच हात जरा वर केला. "राग यायलाबी येळ लागंल मला आता," त्या म्हणाल्या. "तवर काम कर." मग त्यांनी प्रांजलला जवळ बोलावलं. तिच्या कपाळावरची केसांची बट मागे सारायला त्यांना बराच वेळ लागला आणि ती तेवढा वेळ मान खाली घालून उभी राहिली. तिला त्यांनी एवढंच सांगितलं की वर्षभर मी तुला चुकीचं शिकवत होते, आज एकटी कर, गुरुजींच्या लयीत, आणि कुणासाठी थांबू नकोस.

पाचला सभागृह भरलं. गुरुजींचे जुने लोक, मिरजेचे वादक, क्लासच्या आया. राजेश्वरीताईंनी माइकवर जाऊन सांगितलं की आज तराणा माझी विद्यार्थिनी सादर करील. अकरा वीसचा आकडा त्या बोलल्या नाहीत, आणि तो ऐकायची सवय असलेल्या दोघाचौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्या पायऱ्या उतरून खुर्च्यांच्या मागे मुजीबच्या टेबलापाशी आल्या आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. एवढ्या वर्षांत त्या इथं कधी बसल्या नव्हत्या. इथून रंगमंच किती लहान दिसतो, असं त्या म्हणाल्या. मुजीबनं संगणक त्यांच्याकडे वळवला. समोर आकडे पळत होते, त्यांना दिसतील असे, आणि आज ते झाकायला त्याच्याकडे काही नव्हतं.

प्रांजल नाचली. तिच्या पायांत वर्षभर कोंडलेलं जे होतं ते सगळं बाहेर आलं, पण पळालं नाही, गुरुजींच्या बोलांना बोट धरून चालल्यासारखं चाललं. मिरजेचा एक म्हातारा तबलजी पुढच्या रांगेत दाद देत होता. मुजीबचं लक्ष नव्हतं. त्याच्या डाव्या बाजूला, अंधारात, राजेश्वरीताईंनी मांडीवर ताल धरला होता. कापडावर हात पडल्याचा मऊ आवाज येत होता. आधी तो संगीतात होता. नऊ मिनिटांच्या सुमारास तो बाजूला झाला. दहाला तो आपला वेगळाच चालला होता, टाळी, टाळी, खाली, टाळी, चिकाटीनं, एकही मात्रा न गाळता. मुजीबचं बोट फेडरवर होतं आणि त्या बोटाला आठ वर्षांची सवय होती. ते बोट त्यानं दुसऱ्या हातानं धरून ठेवलं.

अकरा वीसला प्रांजल समेवर आली. मग सगळं सभागृह टाळ्यांनी भरून गेलं, लोक उठून उभे राहिले, रंगमंचावर त्या मुलीनं फोटोला वाकून नमस्कार केला आणि उठून अंधारात आपल्या ताईंना शोधायला लागली. मुजीबनं डावीकडे पाहिलं. राजेश्वरीताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांचा हात अजून तिहाईत होता, दुसऱ्या फेरीत, मांडीवर सावकाश पडत, आणि सम अजून पुष्कळ लांब होती.